डायपर बदललेल्या हातांनी ताटं कशी वाढू?

ताई,

मी एका पाळणाघरात काम करते. बालशिक्षणाचा कोर्स करून इथे लागले. आमच्याकडे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं असतात आणि सांभाळायला आम्ही सहाजणी. स्वयंपाकघर आणि साफसफाई बघणाऱ्या मावशी दोन महिन्यांपूर्वी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मॅडमनी भिंतीवर एक कागद लावला : ‘स्वयंपाकघर व स्वच्छता ही सर्वांची जबाबदारी’. त्यावर ना कुणाचं नाव, ना वेळ.

तेव्हापासून मी सकाळी बाळांच्या खोलीत डायपर बदलते, अकरा वाजले की धावत जाऊन जेवण गरम करते, वाढते, भांडी विसळते, मुलं झोपली की फरशी पुसते आणि निघताना संडास घासते. संडासाचं काम तर कामाची वेळ संपल्यावर. दोघीजणी कशालाच हात लावत नाहीत. एकीची पाठ दुखते, दुसरी म्हणते मुलं माझ्याशिवाय राहत नाहीत. मॅडमना सांगून पाहिलं, तर म्हणाल्या, “घरी नाही का करत आपण सगळं?” मला काही उत्तर सुचलं नाही. मी शिक्षिका आहे की मोलकरीण? नोकरी सोडायची नाहीये, मुलांचा लळा लागलाय. कसं बोलू?

– एक वैतागलेली

ता.क. संडास लवकर निघावा म्हणून एक मैत्रीण ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र ओतते. वासाने डोळे चुरचुरतात, पण होतो मात्र चकाचक. हे चालतं ना? आणि आमच्यातली एक गरोदर आहे. तिला डायपर द्यायचे की साफसफाई, यावरूनही वाद चाललाय.

*

ता.क.मधल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करणं अजिबात चालत नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तुमचे डोळे चुरचुरतात ते त्यानेच. लहानशा, हवा न खेळणाऱ्या संडासात तो फुप्फुसांना इजा होण्याइतका साठू शकतो. काही काचपुशा द्रावणांत अमोनिया असतो, त्याचंही ब्लीचशी असंच वाकडं आहे. साचलेल्या लघवीतही अमोनिया तयार होतो, म्हणून ब्लीच टाकायच्या आधी संडासात भरपूर पाणी ओतून घ्यायचं. एका वेळी एकच बाटली, हा नियम मैत्रिणीला आजच सांगा. पुन्हा कधी असा वास आला तर ‘एवढं घासून होऊ दे’ म्हणत थांबू नका. बाहेर पडा, खिडक्या उघडा, मुलांना लांब न्या, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर थेट डॉक्टरकडे. आणखी एक : ही द्रावणं पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेली असतील तर ती आजच फेकून द्या. मूल लेबल वाचत नाही, बाटली ओळखतं.

आता तुमचा मोलकरणीचा प्रश्न. मला तो आवडला नाही, हे स्पष्टच सांगते. मावशी गेल्या आणि सहाजणींची तारांबळ उडाली, यावरून त्या एकट्या किती ओढत होत्या ते दिसतंच आहे. शिवाय हे वाक्य मॅडमसमोर तोंडातून गेलं तर बोलणं तुमच्या मानापमानावर येईल, आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडेल. ‘शिकलेल्या मुलींना काम नको असतं’ एवढं म्हटलं की विषय संपला.

तुमची खरी बाजू याहून पुष्कळ भक्कम आहे. ती तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात : सकाळी डायपर, अकराला जेवण. हात तेच.

“घरी नाही का करत आपण सगळं?” यावर उत्तर सुचलं नाही म्हणता, ते हे घ्या. घरी करतो, कारण घरी एक-दोन मुलं असतात, आणि त्या घरातले जंतू त्या घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचे झालेले असतात. पाळणाघरात डझनभर घरांतून मुलं येतात. एका घरातली शी दुसऱ्या घरातल्या मुलाच्या ताटापर्यंत पोचवायला एकच माणूस पुरतं : जे डायपरही बदलतं आणि वाढायलाही जातं. ते माणूस कितीही प्रेमळ असो, कितीही शिकलेलं असो.

हे कसं होतं ते स्वतःच एकदा नीट बघा. बाळ टेबलावर, एक हात त्याच्या पोटावर. डायपर सुटला, पुसायचे ओले कागद संपत आले म्हणून दुसऱ्या हाताने नवं पाकीट फाडलं. पाकिटाला हात लागला. बाळ वळवळलं, त्याचा पाय धरला. पायाला लागला, आता ते पायाचा अंगठा तोंडात घालणार. मलमाची डबी उघडली, डबीला लागला. डायपर गुंडाळून कचऱ्यात टाकला, डब्याचं झाकण हाताने उचललं. नळ सोडला, नळाला लागला. मग हात छान धुतले आणि त्याच नळाची तोटी त्याच धुतलेल्या हातांनी बंद केली. हातमोजे घातले होते? त्यांनी वरच्या यादीतली एकही गोष्ट टळली नसती, मोजे घातलेल्या हातांनी हीच सगळी शिवाशिव झाली असती. म्हणून लागणारं सगळं आधी काढून हाताशी ठेवायचं, कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा घ्यायचा, नळ कागदाने किंवा कोपराने बंद करायचा, आणि बाळाचेही हात धुवायचे. हे शेवटचं जवळजवळ सगळेच विसरतात. डायपर बदलताना बाळाचा हात खाली जातोच.

यातून जे पसरतं त्याची नावं मॅडमना सांगितलीत तर बरं. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस, ज्याचे अगदी मोजके कण आजारी पाडायला पुरतात आणि ज्याच्यावर हाताला चोळायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण-पाणीच लागतं, निदान 20 सेकंद चोळून. रोटाव्हायरस. शिगेलाची हगवण. आणि अ प्रकारची कावीळ. तिची गंमत, म्हणजे गंमत कसली, ही की लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा तिची काही लक्षणंच दिसत नाहीत. मूल हसतंखेळतं असतं आणि त्याच्या शीतून विषाणू जात असतो. पाळणाघरात साथ आहे हे बऱ्याचदा तेव्हा कळतं, जेव्हा कुणाच्या तरी आईचे, नाहीतर तिथल्याच एखाद्या ताईचे डोळे पिवळे होतात. ‘आमच्याकडे सगळी मुलं निरोगी आहेत’ हे म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही.

हातांचा हा गोंधळ जुना आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1847 साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की त्याचे सहकारी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला जातात. ज्या विभागात फक्त सुइणी काम करत, तिथे बायका कमी दगावत. त्याने मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्याआधीच्या वर्षी शंभरात दहाहून जास्त बाळंतिणी मरत होत्या, 1848 मध्ये ते प्रमाण शंभरात एक-दोनवर आलं. तरीही बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नाही. सभ्य माणसाचे हात अस्वच्छ कसे असतील, हा त्यातल्या काहींचा आक्षेप होता. मानापमानाच्या वाटेने जाऊ नका असं मी म्हणाले ते उगाच नाही.

तर मागणी एवढीच ठेवा : ज्या दिवशी जिच्याकडे डायपर, त्या दिवशी तिच्याकडे स्वयंपाकघर नाही. सहाजणी आहात, हे जमण्यासारखं आहे. एखाद्या दिवशी दोघी रजेवर असल्या आणि अगदीच इलाज नसला, तर क्रम उलटा करा. आधी स्वयंपाकघरातलं काम, वाढून झालं की मग डायपर. मध्ये हात धुणं आणि एप्रन बदलणं. पण ही अडचणीतली सोय आहे, तिचा रिवाज होऊ देऊ नका. बाळांना तुम्ही स्वतः भरवता ते वेगळं. त्यांच्या खोलीतली ताई डायपरही बदलणार आणि भरवणारही, त्याला पर्याय नसतो. तिथे दर वेळी हात धुणं हीच काय ती भिंत. पण तिने सगळ्या मुलांच्या जेवणाच्या पातेल्यात डाव घालायला जाऊ नये.

बेसिनचंही असंच. डायपरनंतरचे हात आणि दुधाच्या बाटल्या एकाच ठिकाणी धुतल्या जात असतील, तर बाकी सगळी स्वच्छता वाया. दोन बेसिन असतील तर त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून टाका, कुठलं कशासाठी. एकच असेल तर बाटल्यांसाठी वेगळा टब आणि वेगळा ब्रश ठेवा. बाटल्या कधीही थेट बेसिनच्या तळाशी ठेवायच्या नाहीत.

दुसरा मुद्दा याच्याइतकाच जड आहे, आणि तुमच्या पत्रात तो अजिबातच नाही. तुम्ही फरशी पुसता किंवा भांडी विसळता तेव्हा मुलांकडे कोण बघतं? ‘आम्ही सहाजणी आहोत’ हे कागदावर ठीक आहे. स्वयंपाकघरात उभी असलेली ताई त्या वेळी मुलांच्या हिशोबात धरायची नाही, पोछा मारणारीही नाही. तिचे डोळे फरशीवर असतात. खोलीत दहा मुलं आणि दोघीजणी, त्यातली एक पुसतेय, म्हणजे त्या दहा मुलांमागे एकच माणूस आहे. पालकांना आपण जे प्रमाण सांगतो ते हे नव्हे.

त्यात ती बादली. रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाचं डोकं बाकी शरीराच्या मानाने जड असतं. बादलीच्या काठाला धरून ते आत वाकलं की तोल जाऊन डोक्यावर आत पडतं आणि त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही. तळाशी बोटभर-दोन बोटं पाणी असलं तरी मूल बुडू शकतं, आणि आवाज होत नाही. म्हणून मुलं खोलीत असताना, मग ती झोपलेली का असेनात, पाण्याची बादली त्या खोलीत येता कामा नये. मुलं झोपली की फरशी पुसायची ही पद्धत आजपासून बंद करा. झोपेतून एक तरी अर्ध्यातच उठतं, आणि ओल्या फरशीवर अनवाणी चालत येतं. शिवाय झोपलेल्या मुलांच्या नाकाखाली फिनेलचा वास कशाला? दुपारी सांडलेलं ओल्या फडक्याने टिपून घ्या. पूर्ण फरशी संध्याकाळी, शेवटचं मूल गेल्यावर.

इथे तुमच्या मॅडमच्या अडचणीचाही थोडा विचार करू या. माणूस मिळत नसेल, पैसे नसतील. पण मावशींच्या कामाचे तुकडे करून पाहिले तर सगळंच काही ताईंच्या गळ्यात पडायचं कारण नाही. जेवणानंतर टेबल पुसणं, सांडलेलं टिपणं, तोंडात घातलेली खेळणी वेगळ्या टोपलीत टाकणं, हे मुलांबरोबर असतानाचंच काम आहे. ते आपण करायचं आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना बरोबर घेऊन करायचं. त्या वयाच्या मुलाला फडकं दिलं की ते टेबलाचा एकच कोपरा मन लावून पुसत बसतं, बाकी टेबल तसंच राहतं. राहू द्या. नंतर तुम्ही फिरवा हात. (मुलांच्या हातात फक्त पाण्याचं फडकं. द्रावणाची फवारणी बाटली नाही.) डायपर बदलणंही मी याच कामांत धरते. बाळाशी दिवसभरात समोरासमोर, नजरेला नजर देऊन बोलायची ती सगळ्यात हक्काची वेळ असते. कोर्समध्ये तुम्हाला हे शिकवलंही असेल.

फरशी, संडास, मोऱ्या, कचरा बाहेर नेणं, पंखे-जाळ्या हे मात्र वेगळं काम आहे. ते बंद झाल्यानंतर एक-दीड तासात एक माणूस करू शकतं. पूर्णवेळ मावशी मिळत नसतील तर संध्याकाळपुरतं माणूस मिळणं सोपं असतं, आणि स्वस्तही. हा पर्याय मॅडमपुढे तुम्हीच ठेवा. आणि तोवर ते काम तुम्हीच करणार असाल तर ती कामाची वेळ धरली पाहिजे. नेमणुकीचं पत्र काढा, त्यात कामाचे तास काय लिहिलेत ते बघा. सुटीनंतर फुकट घासलेला संडास हा तुमच्या तक्रारीतला असा भाग आहे ज्यात कुणाला काही समजावून सांगायची गरजच पडू नये.

साफसफाई जास्त करण्यापेक्षा योग्य ठिकाणी करा, असंही मी म्हणेन. बऱ्याच पाळणाघरांत सगळीकडे जंतुनाशक फवारत सुटतात आणि घासणी मात्र महिनोन् महिने तीच. फरशीला, भिंतींना, कपाटांना साबणाचं पाणी पुरतं. जंतुनाशक लागतं ते डायपर बदलायच्या टेबलाला (प्रत्येक बाळानंतर), संडासाला, नळ आणि दाराच्या मुठींना, जेवणाच्या टेबलाला आणि तोंडात घातलेल्या खेळण्यांना. आधी साबणाने मळ काढायचा आणि मगच जंतुनाशक, कारण मळावर ओतलेलं ब्लीच मळातच संपून जातं. ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते 5 टक्के असेल तर 20 मिली ब्लीच घेऊन त्यात एक लिटर होईल इतकं गार पाणी घातलं की 0.1 टक्क्याचं द्रावण होतं. रोजच्या पृष्ठभागांना ते पुरतं. उलटी, जुलाब, रक्त असेल तर 0.5 टक्के, म्हणजे त्याच ब्लीचचे 100 मिली आणि पाणी 900 मिली. आधी कागदाने सगळं टिपून उचलायचं, साबणाने पुसायचं, मग हे द्रावण ओतून किमान 5 मिनिटं ओलं राहू द्यायचं. लावलं की लगेच पुसून टाकणं ही सगळीकडे दिसणारी सवय आहे, त्याने ब्लीचला काम करायला वेळच मिळत नाही. द्रावण रोज ताजं करायचं, कालचं कमजोर झालेलं असतं. खेळणी आणि जेवणाचं टेबल नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. फवारण्यापेक्षा फडक्यावर ओतून पुसा. साफसफाईच्या फवाऱ्यांनी दम्याचा त्रास वाढतो, मुलांचाही आणि करणाऱ्यांचाही. फडकी तीन रंगांची ठेवा : संडासाचं, खोलीचं, ओट्याचं. रंग ठरले की कुणाला विचारावं लागत नाही, आणि चुकीचं फडकं हातात असलं तर लांबूनही दिसतं.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात, कारण ज्या दिवशी ते तुमच्याकडे असेल त्या दिवशी ते ‘नुसतं गरम करून वाढणं’ नसतं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही. गार ठेवायचं ते 5 अंश सेल्सियसच्या खाली, गरम ठेवायचं ते 60 च्या वर. मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. पावडरचं दूध निदान 70 अंशांच्या पाण्यात कालवून मग निववायचं, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते. बाटली मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची नाही, बाहेरून कोमट लागते आणि आत चटका बसण्याइतका गरम भाग राहतो. बाळाने अर्धवट टाकलेलं दूध ‘नंतर देऊ’ म्हणून ठेवायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडणाऱ्या आजाराचा, धोका असतो. गोल फळं लहान मुलांना अख्खी द्यायची नाहीत, उभी चिरून चार फोडी करायच्या. अख्खे दाणे पाच वर्षांच्या आत नकोतच. कुणाला कशाची ॲलर्जी आहे त्याची यादी ओट्यासमोर, डोळ्यांच्या उंचीवर. आणि जिला स्वतःला जुलाब-उलट्या झाल्यात, तिने थांबल्यावरही 48 तास स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. यातलं काही ‘येईल ती करेल’ या पद्धतीने होतं का, सांगा बरं. हा परिच्छेदच मॅडमना दाखवा हवं तर.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. मुलं यायच्या वेळेला, दारात उभ्या-उभ्या नको. “मॅडम, पंधरा मिनिटं हवीत, बसून बोलायचंय” असं आदल्या दिवशी सांगा. सुरुवात तुमच्या थकव्याने करू नका, दोघींच्या नावाने तर मुळीच नको. अशी करा : “मॅडम, मी डायपर बदलून लगेच जेवण वाढायला जाते. एखाद्या बाळाचे जुलाब सगळ्यांना गेले तर पालक आपल्यालाच विचारतील. मी एक वेळापत्रक करून आणलंय, बघता का?” आणि कागद पुढे करा. आठवड्याचे दिवस, प्रत्येक दिवशी स्वयंपाकघराची एक ताई, बाळांच्या खोलीच्या दोघी, कामाच्या शेवटी काय काय आणि शेजारी सही-वेळेची रकाने. मॅडमचंही नाव आठवड्यातून एकदा घाला. त्यांनी ते खोडलं तरी हरकत नाही, पण खोडताना विचार करावा लागेल. संध्याकाळच्या माणसाचा खर्चही आधी चौकशी करून त्याच कागदावर मांडून ठेवा. ‘बघू’ म्हणून टाळणं मग अवघड जातं.

त्या नाही म्हणाल्या तर? एक गोष्ट तरी मागून घ्याच : डायपर आणि जेवण वेगळं. बाकी घासाघीस पुढच्या महिन्यात करता येते, ही नाही. तीही मिळाली नाही तर लेखी द्या, शांत भाषेत, तारीख घालून, एक प्रत स्वतःकडे ठेवा. धमकी म्हणून नाही. उद्या काही झालंच तर तुम्ही सांगितलं होतं, एवढी नोंद असू द्या.

त्या दोघींचं काय? सहीची रकाने लागली की निम्मा प्रश्न सुटतो, कारण रिकामा चौकोन सगळ्यांना दिसतो आणि चुगली कुणालाच करावी लागत नाही. पाठ खरंच दुखत असेल तर तिला वाकायचं काम नको. ॲलर्जीची यादी, द्रावणं मोजून बनवणं, फडकी-टॉवेलचा हिशोब, हे तिला द्या. हेही काम आहे आणि कुणीतरी नीट करायलाच हवं. ‘मुलं माझ्याशिवाय राहत नाहीत’ म्हणणारीला मात्र सूट देऊ नका. एका ताईशिवाय न राहणारी मुलं असतील तर तिने आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकघरात जाणं मुलांच्याच हिताचं आहे. ती आजारी पडेल त्या दिवशी तरी रडारड होणार नाही.

राहता राहिली गरोदर मैत्रीण. वाद घालण्याऐवजी तिच्या डॉक्टरांना विचारायचं, पण डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते माहीत हवं. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत सीएमव्ही नावाचा विषाणू महिनोन् महिने असू शकतो. मुलाला सहसा काही होत नाही, पण गरोदरपणात आईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर पोटातल्या बाळाच्या श्रवणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. तेव्हा शक्य असेल तर डायपर आणि लाळेरी खेळणी तिच्याकडे नकोत. मुलाचा उष्टा चमचा तोंडात घालायचा नाही, तोंडावर पापा घ्यायचा नाही, आणि नाक पुसल्यावरही हात धुवायचे. तीव्र द्रावणं, भरलेल्या बादल्या उचलणं हेही तिच्याकडे नको. रुबेला आणि कांजिण्यांची लस आधी झालीय का, हेही डॉक्टरांशी बोलून घ्यावं. तिच्याकडे मोठ्या मुलांचा गट द्या, आणि स्वयंपाकघराची पाळी तिच्या वाट्याला थोडी जास्त आली तर आपापसात ठरवून घ्या. डायपरपासून लांब असलेली एकजण तिथे कायम मिळाली, तर तुमचं वेळापत्रक जुळवणंही त्या काही महिन्यांपुरतं सोपं जाईल.